पत्ता लागू नये म्हणून

नाही हो शालिग्रामभाऊ, भांडायला नाही आले मी — बसते, बसते, पण दाराकडे तोंड करून बसू द्या — फक्त तुमच्या शोकेसमधला तो फोटो काढा. माझ्या चारूचा. तोच, बालवाडीच्या निळ्या फ्रॉकमधला. त्याचंच तुम्ही भांड्यांच्या दुकानाला कॅलेंडर करून दिलंत ना? हो, मला विचारूनच दिलंत, मी कुठं नाही म्हणते? "ताई, एवढं गोड लेकरू, सगळ्या जळगावच्या भिंतीवर हसेल" — तुम्ही म्हणालात आणि मीच मान हलवली. बी.ए. झालेली बाई मी, आणि खाली काय छापणार ते नाही विचारलं! 'कु. चारू, पिंप्राळा.' गालबोट मात्र आठवणीनं लावलं होतं, काजळाचं, हे एवढं — तेही तुम्ही ब्रश फिरवून घालवलंत, डाग दिसतो म्हणून. असू द्या. दृष्ट लागू नये म्हणून गालबोट असतं हो — पत्ता लागू नये म्हणून काय लावायचं, ते आईनं कधी शिकवलंच नाही मला.

कोण आलं? — पडदा हलला का — हं.

तुम्हाला वाटतच असेल, ही बाई लेकीला घेऊन एकटीच कशी राहते? पारोळ्याहून निघून आले मी, दोन वर्षं झाली. चारूच्या पप्पांचा हात... जाऊ द्या, कुणी दाराला आतून कडी घातली की मला अजून घाम फुटतो, एवढंच सांगते. माहेरी पहूरला गेले असते तर आबांनी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून परत धाडलं असतं. म्हणून इथं खोली घेतली, टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले — कुणालाच कळवलं नाही. आणि सासूबाई पुतणीच्या लग्नाची भांडी घ्यायला जळगावात आल्या. ताट-वाट्यांवर कॅलेंडर फुकट मिळालं त्यांना! घरी नेऊन भिंतीला टांगलं आणि ओरडल्या म्हणे, "अय माय, हाई ते आपली चारू शे!" शेजारच्या तानुबाईंनी सांगितलं मला, मी नंतर पारोळ्याला धावले तेव्हा. तोवर घराला कुलूप.

नेलं ना तिला. बालवाडीतून, भर दुपारी. लताबाई चांगल्या आहेत हो, अशा कुणाच्याही हाती पोर देत नाहीत — त्यांनी विचारलं, "तुम्ही वडील कशावरून?" तर यांनी पिशवीतून ते कॅलेंडर काढलं आणि उलगडून धरलं — हे बघा, माझं लेकरू! आणि ते बघून चारूच टाळ्या पिटत धावली, "माझा फोटो! माझा फोटो!" धरलं बोट आणि गेली. लताबाई म्हणतात, रडली नाही हो, हसत होती. हसत होती! रडत गेली असती तर कुणी अडवलं तरी असतं ना, भाऊ?

एकोणीस दिवस झाले. सुरतेला नेलंय म्हणतात. चौकीत म्हणाले, "बापानंच नेली ना बाई, मग हरवली कुठं?" शेवटी एकानं कागद पुढं ओढला, म्हणाला, फोटो आणा. आणि फोटोच नाही माझ्याकडे! किराण्याच्या दुकानात, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत — जिथं जाते तिथं माझी लेक तारखांच्या वर हसतेय, आणि माझ्या खोलीत नाही. घरातल्या कॅलेंडरच्या मीच चिंध्या केल्या ना, तिला नेलं त्या दिवशी. म्हणून एक कॉपी काढून द्या. निगेटिव्ह असेल ना? आणि ते गालबोट — ते परत आणता येतं का हो? नाही. नाहीच येत.

असं बघू नका. एक सांगू? — कुणाला बोलू नका. तुम्ही कॅलेंडरचं विचारलंत ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं — दिसू दे त्यांना. कधीतरी, कुठंतरी दिसू दे, एकटीनं कशी वाढवलीय ते. वेण्या बघा म्हणावं, फ्रॉकची इस्त्री बघा. भोळेपणा नव्हता हो तो, मिजास होती. मला दाखवायचं होतं. बघितलं त्यांनी.

थांबा — काढू नका फोटो. नका काढू, हात मागं घ्या. तिला वाचता नाही येत, पत्ता नाही सांगता येत, आईचं नाव विचारलं तर "आई" म्हणते. पण फोटो ओळखते ती. कधी आलीच या रस्त्यानं, कुणाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून — तर ओरडेल ना, "माझा फोटो"? राहू द्या तिथंच.

या ताई, या. बसा ना, मी उठलेच. बाळाचा फोटो का? गालबोट लावलंत, बरं केलंत. कसं हसतंय हो... फक्त एक करा, खाली त्याचं — नाही, काही नाही. भाऊ, त्यांचा काढा आधी.