राक्षसाची पाळी

अफजलपूरच्या दाजींना कंप्युटरपुढं बसवलं, तिथंच माझी अक्कल गेली बघा. गेम पाळीपाळीचा. एकदा आपण मारायचं, एकदा राक्षसानं. पण त्यानं तलवार उगारली की झटक्यात स्पेसबार दाबायचा, मग वार चुकतो. आठ दिवस खेळून शेवटच्या राक्षसापाशी पोचलो, अन् अक्कानं हाक मारली. दाजींना सगळं समजावून गेलो. येऊन बघतो तर गेममधली माझी सगळी माणसं मेलेली, अन् दाजी हाताची घडी घालून बसलेले!

"दाजी, स्पेसबार कामून न्हाई दाबला?"

"त्याची पाळी व्हती की."

"म्हणून मरू द्यायचं?"

"सामायिक विहिरीवर भावाच्या पाळीत एकदाच मोटार चालू केली, तर त्यो दहा वर्षं बोलंना. ह्यो तर राक्षस हाय!"