कलिंग की कलिंगड

जन्मनोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे तिघे उभे होते: बाळाला खांद्यावर घेतलेली सून, तिची सासू आणि इतिहास शिकवणारा बाळाचा बाप.

“आई, कलिंग ठेवू या. प्राचीन राज्याचं नाव आहे.”

“शाळेत पोरं कलिंगड म्हणतील रे! आधीच एवढा गुटगुटीत.”

“मग पाटलीपुत्र?”

“पाटलीचा पुत्र? अहो, मग नऊ महिने मी काय केलं?”

“सूनबाई, आज पहिल्यांदा बरोबर बोललीस.”

“बरं, मगध?”

“पोरं म गाळतील आणि ध ला काना देतील, मास्तर! त्यापेक्षा आजोबांचं नाव ठेव.”

“ठेवू या ना, आई. माझे बाबाही आजोबाच की! त्यांचं नाव छानच आहे.”

“बघ, लागली भांडायला!”

“म्हणून तर कलिंग म्हणतोय. तिथं एवढं मोठं युद्ध झालं, की जिंकलेल्या राजानंच शस्त्र खाली ठेवलं.”

“जिंकून?”

“जिंकून.”

“मग हेच ठेवू या, आई. आपल्याही घरात कुणीतरी शस्त्र खाली ठेवायला हवं.”

“ठेवते की. पण आधी कबूल कर, जिंकलं कोण?”