वेष्टनावरची मुलगी

डिझायनर : मग यातली खरी कुठली, काकू? दारावरच्या पाटीवर चिमुरडी, दोन शेंड्या, हातात साबणाचा फुगा. वेष्टनावर तीच, पण चांगली वेणी घातलेली. आणि पेजवर बघावं तर मोकळे केस, कानांत डूल! एका साबणाचे तीन चेहरे. गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

काका : मी काय वेगळं सांगतोय? त्या मोठ्या दुकानवाल्यानं स्पष्ट बजावलंय, सगळीकडे एकच चेहरा दिसला तरच माल ठेवीन. पाच वाजेपर्यंत चित्र हवंय त्याला. पाटीवरचं घ्या. मूळ तेच आहे.

काकू : पाटीवरचं नको.

काका : का नको?

काकू : लहान आहे फार.

डिझायनर : अहो, मोठं करता येतं की. कितीही ताणलं तरी बिघडत नाही.

काकू : तसं नाही गं.

डिझायनर : रागावणार नसाल तर एक विचारू? काल पेजवरचे जुने फोटो बघत बघत मागे गेले. सहा वर्षांचे. दर वर्षी चित्र बदलतं, आणि तेही बरोबर त्याच महिन्यात. मला वाटलं, चित्रकार टिकत नसेल तुमच्याकडे.

काकू : चित्रकार कशाला? मीच काढते.

डिझायनर : पण ती मोठी होत जाते, काकू. गाल उतरतात, मान लांबते. गेल्या वर्षी तर तिला चष्मा लागला. माझ्या अंगावर काटाच आला.

काकू : लागणारच होता. यांच्या घरात सगळ्यांना आहे.

काका : पुरे आता.

डिझायनर : तुमची मुलगी आहे का ही? बाहेरगावी असते?

काका : नाही.

काकू : हो.

(काका उठून रस्त्याकडची खिडकी लावतात.)

काका : चार वर्षांची असताना गेली. तीन दिवस ताप, आणि खेळ खलास. पंधरा वर्षं झाली. तिच्या अंगाला बाजारचा साबण सोसायचा नाही, म्हणून हिनं घरी करायला घेतला. त्या पहिल्या वड्या वाळून तयार होईपर्यंत न्हाऊ घालायला कुणी उरलं नव्हतं.

डिझायनर : मला खरंच माहीत नव्हतं, काका. पण मग... त्या कॉमेंट?

काका : कसल्या कॉमेंट?

काकू : ते राहू दे ना.

डिझायनर : लोक विचारतात, चित्रातली मुलगी सध्या काय करते. पेजवरून उत्तर जातं. एकदा, ‘दहावीला आहे, पुस्तकातून डोकं वर काढत नाही.’ मग, ‘पोहायला शिकतेय, पाण्याची भीती गेली एकदाची.’ परवा एका बाईंनी विचारलं, पुढे काय शिकणार? तर, ‘ठरत नाहीये अजून, बापाशी रोज वाद घालते.’

काका : माझ्याशी?

काकू : घातलाच असता. तुमच्यावरच गेली होती.

काका : अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लोकांच्या डोळ्यांत ही धूळफेक! उद्या कुणाला कळलं तर तोंड कुठे लपवायचं? बास झालं. पाटीवरची आहे ना, तेवढीच होती ती. त्यापुढे आपण तिला पाहिलंच नाही.

काकू : तुम्ही नाही पाहिलं. मला वड्या गुंडाळताना दिवसातून शंभरदा भेटते.

डिझायनर : काकू, ऐका ना. मग यंदाचंच घेऊ. एकोणीस वर्षांची, चष्मेवाली. पाटीही तशीच रंगवून घेऊ. फक्त इथून पुढे बदलायचं नाही.

काकू : पुढच्या वर्षीही नाही?

डिझायनर : कधीच नाही. चेहरा लोकांच्या डोळ्यांत बसायचा तर तो हलता कामा नये. या कामाचं सगळं गमक त्यातच आहे.

काकू : चारावर थांबली, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता एकोणीसवर मीच थांबवू तिला? या हातानं? नाही गं बाई, माझ्यानं नाही व्हायचं. चुलीत गेलं ते मोठं दुकान.

काका : दोन वर्षं खेटे घालतोय मी त्या माणसाकडे.

काकू : माहीत आहे मला.

डिझायनर : पावणेपाच झाले, काका. मेल लिहून तयार आहे. कुठलं चित्र जोडू तेवढं सांगा.

काका : फुगा जोडा.

डिझायनर : नुसता फुगा?

काका : नुसता. पाटीवर, वेष्टनावर, तुमच्या त्या पेजवर, सगळीकडे तोच. त्याला काही वय नसतं.

काकू : आणि ती?

काका : ती घरात राहील. ती उत्तरंबित्तरं आजपासून बंद. चित्र काढ तू दर वर्षी, आधीच्यांबरोबर कपाटात ठेव.

काकू : कपाटात कोण बघणार तिला?

काका : मी बघतो. तू बाहेर गेलीस की काढून बघतो, आजवरची सगळी बघितलीत. डाव्या भुवईत खोक होती तिच्या. माझ्या हातून सुटली होती ना, तेव्हाची. दर वर्षी तेवढी काढायची विसरतेस तू.