पागनीससाहेबांनी दिलेली जबानी

मान्यवर अध्यक्ष संभाजीराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, टोपी बाजार आणि हजीऱ्याहून आपापली दुकानं बंद करून आलेले व्यापारी बंधू, मागे बसलेल्या माझ्या भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शरच्चंद्र पागनीससाहेब, आपणा सर्वांना लीला सुर्वेचा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. शिवणाचं दुकान चालवणारी बाई मी. पण व्यापारी मंडळाने सांगितलं, "बहनजी, साहबको आपसे ज्यादा कौन जानता है?" म्हणून उभी राहिले.

येत्या पहिल्या तारखेला आपलं मध्यभारत राज्य संपतं. नवं राज्य, नवी राजधानी भोपाळ. साहेब बांधकाम खात्यातले, त्यांनाही तिकडेच बदलीचा हुकूम आहे. ऐन दिवाळीत घर हलवायचं! जो गृहस्थ त्यांच्या हाताखाली शिकला, त्याच्याच हाताखाली आता त्यांनी बसायचं. हे असं का झालं, ते इथे किती जणांना ठाऊक आहे?

दुकानांना भाड्याने दिलेल्या सरकारी इमारती आपल्या ग्वाल्हेरात गल्लोगल्ली आहेत. पूर्वी त्यांच्या छतांच्या दुरुस्तीची रीत अशी, की ज्याचा वशिला मोठा त्याचं छत आधी. साहेबांनी ती मोडली. माझे यजमान बळवंतराव त्यांचे ओव्हरसियर. दोघं एक अख्खा हिवाळा या छतांवरून फिरले. छताची कुठली पटिया, म्हणजे दगडी फरशी, तडकली, कुठल्या तुळईला वाळवी लागली, सगळं पाहिलं, आणि मग आराखडा केला. जिथे जिवाला धोका, ते छत पहिलं. होळी झाली की चुना-कोबा, आषाढाआधी पन्हाळी साफ, दसऱ्यानंतर पुन्हा पाहणी. एक बडे सराफ रागावून म्हणाले, "हमारा नंबर उस मोची के बाद?" साहेब म्हणाले, "शेठजी, पाऊस आपल्याला विचारून पडणार असेल, तर आपला नंबर आधी घेतो."

हसलात, बरं वाटलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

हे मध्यभारत राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. उन्हाळ्यात कचेऱ्या इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आणि छतांचं काम तर उन्हाळ्यातलंच! मी कुणाला दोष देत नाही. संसार हलवताना घरातलंही एखादं भांडं हरवतं. पण आराखड्यातलं पहिलं छत, हजीऱ्याच्या इमारतीचं, मंजुरीवाचून राहिलं, आणि पाऊस आला.

साहेबांनी ठरवलं, छत दुरुस्त होत नाही तर इमारत रिकामी करायची. राखीच्या दिवसांत दुकान कोण सोडतो? पण बळवंतरावांनी एकेकाच्या हातापाया पडून सामान बाहेर काढवलं. राहिले एकटे तुकोजी. जुने फौजी, घोड्यांचं जीन-लगाम विकायचे. ते म्हणाले, "मी लढाई पाहिलीय. छत काय माझं करतंय?"

त्या दिवशी बळवंतराव दुपारी जेवायला घरी आले. त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. म्हणाले, "साहेबांनी बजावलंय, आता कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. ते पोलिसांची मदत आणायला गेलेत. पण म्हातारा आत बसलाय गं." मी म्हटलं, "मग येऊ द्या ना साहेबांना." ते "हो" म्हणाले. ताक न पिताच उठले.

ते आत गेले. तुकोजींना त्यांनी अक्षरशः ढकलत दारापर्यंत आणलं. तुकोजी बाहेर पडले, आणि मागे तुळई यांच्यावर आली.

माफ करा. जरा पाणी देता?

तुकोजी आज या सभेत आहेत. ते दर भाऊबीजेला माझ्याकडे येतात आणि ताटापुढे बसतात.

पुढे चौकशी झाली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी साहेबांना सुचवलं, "सुर्वे हुकूम मोडून आत गेला असं सांगा, तुमच्यावर काही येणार नाही." मंडळी, ते खरंच होतं. साहेबांनी मनाईच केली होती. आणि साहेबांनी जबानी दिली, "सुर्वे माझ्या हुकमाने आत गेले. एका माणसाचा जीव वाचवायला मी त्यांना पाठवलं."

मला कळलं तशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे. ते जेवताना मला सगळं सांगून गेलेत. मी चौकशीत सांगते." साहेबांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमची शामला पाच वर्षांची आहे. बाप हुकूम मोडून मेला, हे ऐकत तिने मोठं व्हायचं का? मला नोकरी आहे, ती राहील. त्याच्याकडे आता नावाशिवाय काय आहे?" आणि हे कुणालाही न सांगण्याची त्यांनी मला शपथ घातली.

साहेबांची बढती त्या दिवशी थांबली, ती कायमची. बरोबरीचे पुढे गेले, हाताखालचेही गेले. गावात लोक म्हणत, "ओव्हरसियरला मारलं यांनी." मी माझ्या कानांनी ऐकलंय. साहेबांनीही ऐकलं असेल. तरी दर होळीनंतर ते स्वतः छतांवर चढत राहिले. माझ्या दुकानासमोर यायचे, रस्त्यावरूनच विचारायचे, "वहिनी, कुठे झिरपतं का?" मी म्हणायची, "नाही, साहेब." सात वर्षं आम्ही दोघं एवढंच बोललो.

साहेब, मान हलवू नका. शामला आता बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मी तिला खरं काय ते सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "आई, बाबा चांगलेच होते ना? मग साहेबांना वाईट का म्हणू द्यायचं?" म्हणून आज हे सगळं बोलले.

उद्यापासून या छतांवर कोण चढणार, ते कुणी सांगितलेलं नाही. विचारायचं कुणाला, तेही माहीत नाही. साहेब, भोपाळला आपल्या ओळखीचं कुणी नाही, आणि आपल्या घरच्या वहिनीसाहेबही गेल्या साली देवाघरी गेल्या. प्रकृतीला जपा. जेवणाची हेळसांड करू नका.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. माझी भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी; बोलण्यात मानपान चुकला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर बहीण समजून पोटात घाला. साहेबांनी घातलेली शपथ मात्र मी आज भर सभेत मोडली आहे. तिची क्षमा मी मागत नाही.

नमस्कार.