सिडनीची ऑरेंज नदी

— नाही, माझा बांध मग बघू, साहेब, तो कुठे पळतोय. आधी सावलीत बसा. तक्रार आली म्हणून तुम्ही वनखात्यातून एवढ्या उन्हात आलात, आणि तीही कुणावर, तर माझ्यावर, सिडनी फर्नांडिसवर. हरिश्चंद्रानेच केली असणार — शेजारी आमचा, खाडीत तिवरांच्या खारफुटीत खेकडे धरतो, हल्ली मिळत नाहीत म्हणतो. त्याला काय कळतं नदीतलं? मी ऑरेंज नदी बघून आलोय. साउथ आफ्रिकेत — आमची जॉयसी असते ना तिथे, जावयाबरोबर. उगमाला बर्फ पडतो, साहेब, लेसोथोच्या डोंगरात, आणि तिथून ती पार पश्चिमेला, वाळवंटातून अटलांटिकला — बावीसशे किलोमीटर. आपली कर्ली नदी म्हणजे तिच्यापुढे पन्हळ. संत्री? नाही हो, सगळे हेच विचारतात. एका गोऱ्या अधिकाऱ्यानं ऑरेंज ह्या डच राजघराण्याचं नाव दिलं. मूळचे नामा लोक तिला गरीप म्हणायचे, म्हणजे नदीच. त्यांना कुणी विचारलं? नदीकाठच्या माणसाला कुणी विचारतच नाही, माझा जीव तुटला. मग धरणं बांधली — पाणी बारा महिने सारखं वाहायला लागलं, तर काळ्या माश्या माजल्या, मेंढ्यांना फोडून खातात. निसर्गात हात घातला की असं होतं, मी होमस्टेच्या पाहुण्यांना रोज सांगतो. त्यांच्यासाठीच तर मागे ह्या नव्या खोल्या.

कार्मेलिना, तू भितर जा गो. मी बोलतंय मां सायबांवांगडा.

बायको माझी, साहेब. तर, जॉयसीने मला मुद्दाम नदीच्या मुखाशी नेलं. केवढी दलदल होती तिथे, केवढे पाणपक्षी. कुणीतरी मधून रस्त्याचा भराव घातला आणि भरतीचं पाणी आत फिरायचं बंद झालं. सगळं वाळून गेलं. मी उभ्या उभ्या रडलो, विचारा जॉयसीला. वेळ? फार नाही लागत — पाणी अडवलं की आधी पानं पिवळी पडतात, मग साल सुटते, आणि मे महिन्यापर्यंत तिवर असं होतं की नुसतं हलवलं तरी मुळासकट हातात. कुऱ्हाड लावावीच लागत नाही, म्हणजे तोडलं असं कुणी म्हणूच शकत नाही —

काय? नाही, ऑरेंजला तिवरं नाहीत. थंड समुद्र तो. तिथे गुडघ्याएवढी खारी झुडपं.

मी तिवर म्हणालो?

साहेब, गेट इकडे आहे. तिकडे बांधाकडे नाही — तिकडे चिखल आहे, साहेब.