सगळ्याचा बॅकअप

अहो घेतला होता! बॅकअप घेतला होता मी! एकदा नाही, दोनदा घेतला होता, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक घरच्या कपाटात आणि दुसरी कारखान्यात माझ्या टेबलाच्या खणात, का, तर उद्या घराला आग लागली तर?... आणि तरी चार दिवस झाले, जिन्यात भेटेल तो माणूस माझ्याकडे असा बघतोय जसा काही मी कुणाचा गळा दाबून आलोय! काल तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ''असं करायला नको होतं हो तुम्ही!'' अहो, काय करायला नको होतं? जरा सरका, ही बादली खाली ठेवू द्या, हात अवघडला. गाडी यायला अजून वेळ आहे ना? मग ऐकाच. आमच्या हिने जी बाजू सांगितलीय ती ऐकलीतच तुम्ही, आता माझी ऐका.

तुम्हाला सांगतो, मी व्यवस्थित माणूस आहे. कारखान्यात सुट्या भागांचं अख्खं गोडाऊन सांभाळतो, छत्तीस हजार वस्तू, वॉशरला चिठ्ठी, स्क्रूला चिठ्ठी, डोळे बांधून सोडलंत तरी हवा तो बोल्ट काढून देईन! हे आमच्या वडिलांकडून आलं. वडील तर माझ्याही वर! घरातला एक खण, एक कप्पा, एक पाकीट त्यांनी उघडून बघितलं नाही असं नाही. रविवार उजाडला की, ''हे काय आहे? हे कुणाचं? हे कशाला ठेवलंय?'' आणि आईला आलेलं पत्र आईच्या आधी त्यांचं वाचून झालेलं असायचं. चार वर्षं झाली त्यांना जाऊन, पण त्यांचा हात अजून माझ्या हातात आहे, असं आईच म्हणते. मला वाटायचं कौतुकाने म्हणते!

तर घरचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला म्हणजे काय, चालू केला की आपण अंघोळ करून यायचं, चहा घ्यायचा, पेपर वाचायचा, तोवर तो अजून उठतोय! रिपेअरवाल्याला बोलावलं. तो तोंडात च्युइंगम घोळवत येतो आणि माणसाकडे बघतच नाही, स्क्रीनशीच बोलतो. ''काका, सिस्टिम गेलीय. पुसून नवीन टाकावी लागेल. आतलं सगळं जाणार.'' सगळं म्हणजे? ''सगळं म्हणजे सगळं, काका. शनिवारी येतो. हवं ते काढून ठेवा.'' असं सांगून गेला, जसं काही दुधाची पिशवी काढून ठेवायला सांगतोय!

चार दिवस, चार दिवस मी राबलो! वही केली. डाव्या बाजूला काय आहे, उजव्या बाजूला कुठे ठेवलं, पुढे बरोबरची खूण. आणि काय काय निघालं त्यातून, तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो! माझ्याच अंगठ्याचे त्रेचाळीस फोटो! भंगारात दिलेल्या वॉशिंग मशीनची वॉरंटी! बहिणीच्या लग्नाचा अडीच तासांचा व्हिडिओ, त्यात पाऊण तास नुसती खुर्ची दिसते, कारण कॅमेरा चालू ठेवून मामा जेवायला गेले होते! आणि ते शुभ सकाळ, शुभ सकाळ, शुभ सकाळ, साडेसहाशे वेळा! हे सगळं, मी म्हणतो सगळं, मी जपलं. खुर्चीसुद्धा जपली. कारण मी म्हटलं, आपण कोण ठरवणारे? उद्या लागली तर? बॅकअप घेतला होता हो मी!

आता व्यवस्थित माणूस सामान हलवताना आधी काय करतो? कचरा काढतो की नाही? तुम्हीच सांगा! तो स्क्रीनच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा असतो बघा, पुसून टाकलेलं सगळं जिथे जाऊन पडतं तो. शुक्रवारी रात्री उघडून बघितला, गच्च! नको असलेली बिलं, फसलेले फोटो, आणि मध्येच एक फाइल, तिचं नाव 'कामाचं नाही'. मी म्हटलं, वा, घरात कुणीतरी शिस्तीचं आहे, टाकतानासुद्धा नाव घालून टाकलंय! कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढून टाकायचं, नक्की? मी म्हटलं, नक्की! आणि ते खर्र्र करून वाजतं ना, त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू... लाज वाटते आता सांगायला.

शनिवारी सकाळी रिपेअरवाला आला, पुसलं, नवीन टाकलं, दुपारी दोनला गेला. मशीन कसं, बटण दाबलं की हजर! मी एका डिस्कवरून सगळं परत भरलं आणि हाताची घडी घालून बसलो, कुणीतरी शाबासकी देईल म्हणून.

तीन वाजता आई आली. आमची आई, वय पंचाहत्तर, रोज तीन वाजता नाकावर चष्मा चढवून कॉम्प्युटरपुढे बसते आणि एका बोटाने टक... टक... टक... आम्हाला वाटायचं, पत्ते खेळते. मी तर हिला म्हणायचोसुद्धा, बरं झालं, म्हातारीचा वेळ जातो.

बसली. स्क्रीनकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला. परत बघितलं.

''अरे, डबा रिकामा का?''

''कुठला डबा?''

''हा. कचऱ्याचा.''

मी छाती फुगवून म्हटलं, ''साफ केला! कायमचा!''

आईने तो डबा उघडून बघितला. तुम्हाला सांगतो, ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती त्या रिकाम्या डब्याकडे बघत बसली. मग म्हणाली, ''त्यात माझं होतं.''

''तुझं काय होतं?''

''माझं. लिहिलेलं. पहिल्यापासूनचं. एकशे बारा पानं झाली होती.''

एकशे बारा! एका बोटाने! वडील गेल्यापासून ती रोज तीन ते साडेचार आपलं अख्खं आयुष्य लिहीत होती आणि घरात कुणाला पत्ता नाही! रोज डब्यातून ती फाइल बाहेर काढायची, लिहायचं, आणि साडेचारला परत कचऱ्यात टाकून द्यायची! मी ओरडलोच, ''अगं पण कचऱ्यात कोण ठेवतं!''

तर शांतपणे म्हणते कशी, ''मग कुठे ठेवू? तुझ्या वडिलांनी या घरात एक जागा सोडली होती का? कपाट त्यांचं, खण त्यांचे. चाळीस वर्षं माझ्या मैत्रिणींची पत्रं मी कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी ठेवली, पिशवीच्या खाली. तिथे कधी कुणाचा हात गेला नाही. कचरा टाकायला या घरात माझ्याशिवाय उठलंय कोण?''

आता मला आठवलं, स्वयंपाकघरात एक डबा असायचा, वर लिहिलेलं 'उंदराचं औषध'. मी लहानपणी त्याच्याजवळसुद्धा जायचो नाही. विचारलं तर म्हणते, त्यात बेदाणे असायचे! हे मला पन्नासाव्या वर्षी कळतंय! कामाचं नाही म्हणे!

आणि खरा धक्का अजून पुढेच आहे. मी म्हटलं, ''पण कॉम्प्युटरच्या डब्यात ठेवायचं तुला सुचलं कसं?'' तर माझ्याकडे बघून म्हणते, ''तूच सांगितलंस की! माझ्याकडून ते वीजबिल पुसलं गेलं तेव्हा काय म्हणालास? आई, घाबरू नकोस, पुसलेलं कुठे जात नाही, कचऱ्याच्या डब्यात अगदी सुरक्षित असतं.''

मी म्हणालो होतो. शब्दन् शब्द माझा! तेवढ्यात आतून आमची ही आली, तिने सगळं ऐकलं होतं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ''जन्मात कधी या घरातला कचरा टाकला नाहीत, आणि पहिल्यांदा टाकलात तो हा!''

बॅकअप घेतला होता हो मी... सगळ्याचा घेतला होता...

धावत जाऊन रिपेअरवाल्याला आणला, अक्षरशः दंडाला धरून. दोन तास खटपट केली त्याने, च्युइंगम थुंकून केली, म्हणजे बघा! शेवटी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, ''काका, नाव सापडतंय, आत काही नाही. त्याच्यावर नवीन सिस्टिम बसलीय आणि वर तुम्ही तुमचं सामान भरलंय.'' माझं सामान म्हणजे काय? अंगठा! खुर्ची! शुभ सकाळ! माझ्या आईच्या पानांवर, अहो, मी खुर्ची ठेवली! पाऊण तासाची रिकामी खुर्ची!

मी रडलो. हो, रडलो, त्यात काय लपवायचं? आईच्या पायाशी बसून म्हटलं, ''काय काय होतं गं त्यात?'' म्हणाली, ''सगळंच. तुझ्या जन्माची सोळा पानं होती.'' सोळा! अहो, आपण किती वाजता जन्मलो हे मला माहीत नाही आणि माझ्यावर सोळा पानं होती, आणि ती मी, मी स्वतः... खर्र्र! ''सांग ना, काय लिहिलं होतंस?'' ''आता तसं थोडंच आठवणार आहे?'' असं म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवला ना, तिथे मी पार खचलो.

पण म्हातारी आमची वाघीण आहे. काल तीन वाजता परत बसली! टक... टक... मी लांबूनच विचारलं, ''पुन्हा तेच सगळं?'' तर मान वर न करता म्हणाली, ''तेच कशाला? पहिल्या खेपेला मी सगळ्यांबद्दल जरा जास्तच गोड लिहिलं होतं. तुझ्या वडिलांबद्दल, तुझ्याबद्दल. गेलं ते बरंच झालं. आता खरं लिहिते.''

ऐकलंत? खरं! माझी झोप उडाली. मी म्हटलं, ''बरं, ठेवतेस कुठे? या वेळी मी नीट बॅकअप घेतो, तू नुसतं दाखव.'' तर म्हणते, ''तुला कशाला दाखवू? तुझ्या त्या बॅकअपच्या डिस्कवरच ठेवलंय. इतकी वर्षं बघतेय, एकदा कपाटात गेली की तू ती जन्मात उघडून बघत नाहीस.''

बोला तुम्हीच! खोटं आहे का? नाही. आणि वर म्हणाली, ''आणि हो, कचरा काढायची एवढी हौस आहे ना, मग उद्यापासून बादलीपण तूच घेऊन जा खाली.'' म्हणून हा मी, तुमच्या रांगेत, पन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा.

आली वाटतं गाडी. हो, हीच ना? अहो थांबा, थांबा, बादली ओढू नका माझी! मागचे ओरडू देत ओरडले तर, एक मिनिट लागेल फक्त... पिशवी जरा वर उचला, मला आधी तळ बघू द्या.