एनारच्या निरोपाला चार खरे शब्द

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ब्रुअरीचे नवे मालक श्री. प्रेस्टन व्हिटलॉक, व्यासपीठावर बसलेले फादर गॅमाश, सत्कारमूर्ती आणि आपल्या ब्रुअरीत इतकी वर्षं बिअर बनवणारे एनार हॉगलंड, त्यांच्या पत्नी इंगाताई, आणि मोक्सीच्या खोऱ्यातल्या माझ्या हॉपवाल्या बंधुभगिनींनो,

मी ओडील शार्बोनो. भाषणं करणं माझा धंदा नाही, बिअरला चव देणाऱ्या हॉपचे वेल चढवणं हा माझा धंदा. पण अध्यक्षमहाराज आत्ताच म्हणाले, की एनार स्वखुशीने विश्रांतीला जातो आहे. ते ऐकून इंगाताई माझ्या कानात पुटपुटल्या, "स्वखुशी? महिनाभर हा माणूस धड जेवलेला नाही." माफ करा इंगाताई, तुमचं बोलणं मी चव्हाट्यावर मांडलं. आणखी किती दिवस झाकून ठेवायचं?

मागच्या सुगीत काय झालं, ते ठाऊक नसेल त्यांनी ऐका. व्हिटलॉकसाहेबांचे खरेदीदार माझ्या वाळवणाच्या शेडमध्ये आले. रिवाजाप्रमाणे हॉपची बोंडं तळहातांवर चोळली, नाकाशी नेली. सुगंधी जातींना माना डोलल्या. मग आमच्या जुन्या क्लस्टर जातीची पाळी आली. एकाने तोंड वाकडं केलं. "बाई, मांजर मुतलंय का इथं?"

मी तोंड उघडणार, तोच एनार बोलला. "अरे बाबा, हा कडवटपणासाठीचा हॉप. उकळीच्या सुरुवातीला पडतो आणि तासभर उकळतो. त्याचा वास भांड्यात राहतो कुठं? मीठ काय हुंगून घेतोस?"

साहेब तिथेच उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "एनार, जमाना बदलला."

जमाना बदलला म्हणून तासभर उकळल्यावर वास टिकायला लागला का हो? माझ्या पणजोबांच्या काळापासून आपल्या ब्रुअरीच्या बिअरचा कडवटपणा याच वेलाने सांभाळला. वखारीत पडून राहिला तरी दम न सोडणारा हॉप हा. तो नाकाने नापास केला! क्लस्टर वगळलेल्या नव्या पाककृतीवर एनारने सही केली नाही, म्हणून आज हा हार आणि हे घड्याळ. राग येतो मला. आलाच पाहिजे.

नव्या बिअरच्या बाटलीवरच्या चित्रात मात्र अजून आमचाच वेल आहे. तेवढा तो चालतो.

साहेबांचा निरोप होता, की क्लस्टर उपटा, नवी जात लावा, नाहीतर उरलेल्या शेताचाही करार विसरा. साहेब, तुमच्या माणसाला मी काल 'नाही' कळवलं. करार गेला. घरी धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय, तेही सोसते आहे. वेल उपटणार नाही. सोमवारपासून वेल चढवायला सुतळ्या बांधायच्या आहेत. एनार, माझ्या शेडचा मागचा भाग रिकामा केलाय, तुझी बिअर उकळायची भांडी तिथे आण. विश्रांती नंतर घे.

हॉल दिल्याबद्दल फादरांचे, आणि मला बोलू दिल्याबद्दल, पस्तावले असतील तरी, अध्यक्षांचे आभार. माझ्या तोंडून कमीजास्त गेलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता मानाचा प्याला उचलायचा आहे. साहेब, तुमची नवी बिअर सगळ्या टेबलांवर संध्याकाळपासून ठेवली आहे. जरा खाली बघा. इथे कोणी एक बाटलीसुद्धा उघडलेली नाही.